गार खुराक

कोल्हापुरात कुणाच्या घरचं म्हणून मी पहिल्यांदा जे खाल्लं, ते कुत्र्यांसाठी केलेलं होतं. आणि मला कुणी फसवलं वगैरे नव्हतं. खायला देण्याआधी ते स्पष्ट सांगण्यात आलं होतं.

मंगळवार पेठेतल्या एका बोळात माडीवरच्या दोन खोल्या मी भाड्याने घेतल्या होत्या. विमा कंपनीतली नोकरी, गाव रत्नागिरीकडचं, बायको-मुलं तिकडेच. एप्रिलातल्या दुपारी सामान वर चढवून मी घामाने निथळत जिन्यात बसलो होतो. तेवढ्यात खालच्या दारातून एक उंच, रुंद खांद्यांची म्हातारी बाहेर आली. नऊवारी, कपाळावर गोंदण, आणि हातात स्टीलची वाटी. वाटीत लालभडक बर्फ.

"पावणं, चाखा."

"काय आहे?"

"कलिंगड हाय. बिया काडल्यात. साखर न्हाय. कुत्र्यांचं हाय."

मी पुढे केलेला हात मागे घेतला.

"कुत्र्यांनी तोंड न्हाय लावलं अजून," त्या जरा दुखावून म्हणाल्या. "आदी मी खातो, मग माणूस खातंय, मग कुत्रं. तुमी मदलं."

इकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी खातो, मी जातो' म्हणतात हे तोवर मला माहीत नव्हतं, त्यामुळे आधी मला वाटलं की घरात आणखी कुणी पुरुष आहे आणि तो आधी खातो. मी चमच्याने कोपरा खरवडून तोंडात टाकला. गार, किंचित गोड, तोंडात घोळताना रवाळ. इतक्या उन्हात त्याहून बरं काही मी खाल्लं नव्हतं. मी वाटीकडे पुन्हा चमचा नेला तर त्यांनी वाटी काढून घेतली.

"चाखायचं म्हणाल्तो. जेवाय न्हाय घाटलं."

या आक्का. माझ्या घरमालकीण. पेठेत लहानथोर त्यांना आक्काच म्हणायचे. पुढे आठेक वर्षं मी त्यांच्या माडीवर राहिलो आणि रोज दुपारी चारच्या सुमाराला, कचेरीत नसेन तेव्हा, मधलं माणूस झालो.

मला पहिल्यापासून एकाच गोष्टीचं कुतूहल होतं. ही बाई कुत्र्यांना हात लावत नव्हती. एकदाही लावला नाही. कुत्रं अंगाशी आलं तर "हां, तिकडं!" अशी आरोळी ठोकायच्या की कुत्रंच काय, बोळाच्या तोंडाशी जाणारा सायकलवाला थांबायचा. घरात कुत्रं नाही, कधी पाळलेलं नाही. कुणी कुत्र्याचे लाड करायला लागलं की त्यांचं तोंड वाकडं व्हायचं. मग हे बर्फाचं प्रकरण कशासाठी? मी विचारायचो. त्या सांगायच्या नाहीत. एकदा वैतागून म्हणाल्या, "पावणं, तुमी विम्याचा फारम भरून घेतल्यागत इचारताय. मला काय म्हैस धरून चाललाय काय विमा उतरवायला?"

थोडं थोडं मला बापूंकडून कळलं. बापू समोरच राहायचे. एके काळचे पैलवान, आता साठीच्या पुढचे, कान मोडलेले, मान नाही अशी छाती. दोन म्हशी पाळून संध्याकाळी कोपऱ्यावर दूध पिळून द्यायचे. त्यांचा एक तांबूस, रुंद डोक्याचा गावठी कुत्रा होता, सरदार. बापूंना बायको नव्हती, मूल नव्हतं. त्या दोन म्हशी आणि सरदार एवढाच संसार. बापू तीन शब्दांत मावेल ते दोन शब्दांत सांगणारे, त्यामुळे आक्कांची गोष्ट जमवायला मला बरीच वर्षं लागली.

आक्कांचे वडील पेठेतल्या तालमीचे वस्ताद. आई लवकर गेली आणि तालमीत राहणाऱ्या पैलवानांचा खुराक कोवळ्या वयात आक्कांच्या हाती आला. रात्री बदाम भिजवायचे, पहाटे सोलायचे, दगडी कुंडीत लाकडी सोट्याने घोटायचे, त्यात खसखस, बडीशेप, मिरी, मूठभर मनुका, वरून म्हशीचं दूध. ही थंडाई. जोर-बैठका मारून, हौद्यात लढून लाल मातीने माखलेली दांडगी माणसं पेले घेऊन परसात यायची आणि आक्का ओगराळ्याने प्रत्येकाच्या वजनाप्रमाणे ओतायच्या. त्या रांगेत तेव्हा बापूही होते. आक्कांचं लग्न होऊन त्या गगनबावड्याकडे गेल्या होत्या, पण थोड्याच काळात परत आल्या. का, हे बापूंनी सांगितलं नाही आणि मला विचारवलं नाही. परत आल्या त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी बदाम भिजत घातले, एवढंच बापू म्हणाले.

वस्ताद गेले. तालीम आहे अजून, पण तिथे राहणारे पैलवान कमी होत गेले. उरलेले प्लास्टिकच्या डब्यातली पावडर बाटलीत घालून खळाखळा हलवून प्यायला लागले. आक्कांनी एकदा ती पावडर चाखून पाहिली होती. "खडू," असा अभिप्राय दिला. कुंडी मोरीशेजारी पालथी पडली.

मग एका उन्हाळ्यात सरदार, तेव्हा पिल्लूच, त्यांच्या उंबऱ्यापाशी जीभ काढून पडला होता. आक्कांनी स्वतःसाठी कलिंगडाचा रस वाटीत गोठवून ठेवला होता, तो त्याच्यापुढे सरकवला. सरदारने तो चाटायला सुरुवात केली. वाटी घसरायची, हा मागे जायचा, पुन्हा चाटायचा. असं करत बोळाच्या दुसऱ्या टोकाच्या गटारीपर्यंत वाटी नेली आणि लख्ख करून सोडली. आक्का कमरेवर हात ठेवून शेवटपर्यंत बघत उभ्या होत्या, असं बापू म्हणाले. दुसऱ्या दिवशी चार वाट्या लावल्या.

मी राहायला गेलो तोवर त्याचं शास्त्र झालं होतं. आक्कांच्या स्वयंपाकघरात भाच्याने दिलेला जुना फ्रिज होता. त्याचं वरचं बर्फाचं कपाट पूर्ण कुत्र्यांचं. घरात बर्फाचा एक खडाही माणसासाठी नसायचा. मी एकदा सरबतासाठी मागायला गेलो तर म्हणाल्या, "जागा न्हाय." उन्हाळ्यात कलिंगड आणि खरबूज, पुढे आंबा, पावसात केळं आणि पपई, थंडीत पेरू आणि सफरचंद. फळ हाताने कुस्करायचं. सालं, बिया, देठ काढायचे. आंबट नसलेलं दही थोडं घालायचं, वाट्यांत ओतून ठेवायचं. निघायला सोपं जावं म्हणून वाटी पालथी करून वरून तांब्याभर पाणी सोडायचं. सफरचंदाच्या बिया त्या नखाने काढायच्या आणि चुलीत टाकायच्या. साखर घालायची नाही हे त्यांना पुढच्या पेठेतल्या जनावरांच्या डॉक्टरने सांगितलं होतं. ही डॉक्टर कागलची एक तरुण मुलगी. आक्का तिला डाक्टरीण म्हणायच्या आणि साखरेबद्दलचं तिचं बोलणं त्यांनी तंतोतंत पाळलं होतं. बाकी काही विचारायची गरज त्यांना वाटली नव्हती. खुराकातलं आपल्याला कळत नाही असं त्यांच्या मनात येणंच शक्य नव्हतं.

वाढप बघण्यासारखं असायचं. बोळातली पाच-सात कुत्री चारच्या आधीच येऊन बसायची. उड्या मारायच्या नाहीत, भुंकायचं नाही. जो भुंकेल त्याचा नंबर शेवटी. आक्का त्यांना नावानं हाक मारत नसत. "लहान गट!" असं ओरडायच्या. मग लेकुरवाळी कुत्री आणि दोन किरकोळ कुत्री पुढे यायची. मग "मधला गट." शेवटी "खुला गट," म्हणजे सरदार एकटाच. कुत्र्यांना गट कसे कळायचे कोण जाणे. मला वाटतं ती आक्कांच्या हाताकडे बघून उठायची. वाटी जमिनीवर ठेवून त्या काठीच्या टोकाने पुढे सरकवायच्या.

"जरा डोक्यावरून हात फिरवा की आक्का," मी एकदा म्हणालो.

"कशापायी? हात फिरवून फिरवून पैलवान मऊ पडतंय. आमच्या आबांनी पोटच्या पोरीच्या डोस्क्यावरनं हात न्हाय फिरवला, ह्यो तर कुत्रा."

हे त्या तक्रार म्हणून सांगत नव्हत्या. वस्तादांची मोठी गोष्ट सांगावी तशा सांगत होत्या. मला मात्र वाईट वाटलं, आणि नंतर बराच वेळ वाटत राहिलं.

फळं आणायला मी कधीमधी त्यांच्याबरोबर बाजारात जायचो. एका विक्रेत्याला माहीत होतं की ही म्हातारी कुत्र्यांसाठी फळं नेते. त्याने मोठ्या मनाने खालच्या पाटीतली दबलेली, काळी पडलेली पपई काढून दिली. म्हणाला, "घ्या आक्का, हे असंच घ्या. कुत्र्यास्नी काय कळतंय?"

आक्कांनी पपई फोडली, बोटाने गर काढला आणि त्याच्या तोंडापुढे धरला. "खा."

"मी कशाला?"

"कुजकं हाय का चांगलं हाय, कळंल की तुला. खा म्हणतो न्हवं."

आजूबाजूचे चार जण जमले. तो बिचारा हसत-ओशाळत मागे सरकत गेला. शेवटी त्याने वरच्या पाटीतली, देठाशी पिवळी झालेली पपई दिली. आक्का वाटेत मला म्हणाल्या, "त्या बाबाला वाटतंय, खाणाऱ्याला कळत न्हाय म्हणून चालतंय. करणाऱ्याला कळतंय न्हवं?" मग थोडं चालून पुन्हा थांबल्या. "माझ्या हातचं खाऊन आजवर कोण आजारी पडलं न्हाय, पावणं. एक माणूस न्हाय, एक जनावर न्हाय."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकलं. पैशाअडक्याचा, घराचा, वडिलांच्या नावाचा मोठेपणा त्यांनी कधी मिरवला नाही. मिरवला तो एवढाच.

बोळाच्या तोंडाशी नवी इमारत झाली. तिथल्या एक बाई आपला लठ्ठ लॅब्रॅडॉर घेऊन आल्या. त्यांनी मोबाइलवर कुठे तरी बघितलं होतं, त्यांना कुत्र्यासाठी फळांचं आइस्क्रीम कसं करायचं ते शिकायचं होतं. फार गोड बोलणाऱ्या बाई. "आमचा ब्रूनो खूप फसी आहे हो, काही खातच नाही." आक्कांनी ब्रूनोला एकदा आपादमस्तक न्याहाळलं.

"ह्यो खात न्हाय?"

"नाही ना."

"मग वाऱ्यावर फुगलाय व्हय?" मग काठीने तालमीची दिशा दाखवली. "तालमीला पाच येढं घालून आणा त्येला. आदी घाम, मग खुराक."

बाई गेल्या तेव्हा मला वाटलं आता परत येत नाहीत. अर्ध्या तासाने आल्या. ब्रूनो धापा टाकत होता आणि बाईंचा चेहरा त्याच्याहून लाल झाला होता. आक्कांनी ब्रूनोला मधल्या गटात बसवलं, केळ्याची वाटी सरकवली. त्याने ती खाल्लीच, शेजारच्या कुत्र्याचीही पळवली आणि त्याबद्दल काठीचा फटका फरशीवर ऐकला. बाई रोज यायला लागल्या. महिनाभराने दोघंही बारीक दिसायला लागले. आक्का खूश होत्या, पण तोंडावर म्हणाल्या, "अजून पाठ दिसत न्हाय." हे नक्की कुणाला उद्देशून होतं ते बाईंनी विचारलं नाही.

असं सगळं असताना मी एकदा पुन्हा तो प्रश्न विचारला. थंडीची दुपार होती, आक्का पायरीवर बसून पेरूच्या बिया वेगळ्या करत होत्या. जिकिरीचं काम. आमच्याकडे माणसांसाठीही कुणी करणार नाही. मी म्हणालो, "आक्का, खरंच सांगा, कशासाठी हे?"

या वेळी त्या चिडल्या नाहीत. पेरूवरची नजर न काढता म्हणाल्या, "करणाऱ्याला खाणारं तोंड लागतंय, पावणं. तोंडं गेली सगळी. हात हायतच अजून." मग पेरूची ताटली माझ्याकडे सरकवली. "बसलाय तर बिया काडा."

माझ्या कोल्हापुरातल्या शेवटच्या वर्षी, बदलीचा हुकूम हातात पडला त्याच आठवड्यात, वस्तादांची पुण्यतिथी आली. आक्का दरवर्षी त्या दिवशी तालमीत नारळ ठेवून यायच्या, बस्स. त्या वर्षी सकाळी मला खालून सोट्याचा आवाज आला. खाली गेलो तर पालथी कुंडी सरळ झालेली, आणि आक्का तिच्यापुढे मांडी घालून बदाम घोटत होत्या. दंड थरथरत होते पण लय सुटत नव्हती.

"आबांची थंडाई," त्या म्हणाल्या. "आज सरदाराला मानाची वाटी. वस्तादांच्या चेल्याच्या घरचा हाय त्यो."

"साखर चालत नाही म्हणतात ना?"

"घालत न्हाय. डाक्टरणीनं सांगितलंय ते मला म्हाईत हाय." त्यांनी शेजारचं ताट दाखवलं. टपोऱ्या मनुका. तासगावकडच्या, भाच्याने आणून दिलेल्या. "गोडीला दुप्पट मनुका घालतो. आबा म्हणायचे, मनुका म्हंजे रगात."

चार वाजता त्यांनी चाखली, मी चाखलं, बापूंनी चाखलं. बापूंनी डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ उघडले नाहीत. "तीच," म्हणाले. बाकीच्या कुत्र्यांना नेहमीचं कलिंगड दिलं. सरदारला मानाची मोठी वाटी मिळाली. त्याने ती संपवली तसे बापू म्हणाले, "अजून दे की आक्का." आक्कांनी दुसरी दिली. आग्रह करायला आणि करून घ्यायला ही माणसं कधी मागे हटत नाहीत. सरदारने तीही संपवली आणि बापूंच्या पायाशी जाऊन झोपला. आक्का त्या दिवशी स्वयंपाक करताना गुणगुणत होत्या, मला माडीवर ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरदार ओकत होता. दुपारपर्यंत त्याचे पाय लटपटायला लागले. बापूंना वाटलं ऊन लागलं. आक्का म्हणाल्या, कुठं तरी उकिरड्यावर तोंड घातलं असणार. रिक्षावाला कुत्रं घेईना म्हणून मी माझी गाडी काढली आणि तिघं त्याला घेऊन डॉक्टरकडे गेलो.

डॉक्टरने पोट दाबून बघितलं, डोळे बघितले. "काल काय खाल्लं याने?"

आक्का पुढे झाल्या. त्यांच्या आवाजात अजून कालचा दिमाख होता. "माझ्या हातचं खाल्लंय, त्यात खोट न्हाय. म्हशीचं दूध, सोललेलं बदाम, खसखस, बडीशेप, मनुका..."

डॉक्टरचा हात सरदारच्या पोटावर थांबला. "मनुका? किती?"

"चांगल्या दोन मुठी. साखर न्हाय घाटली न्हवं, म्हणून."

डॉक्टरने खाली बघूनच सांगितलं. द्राक्षं आणि मनुका कुत्र्यांना चालत नाहीत. सगळ्यांना होतं असं नाही, पण ज्याला होतं त्याची किडनी बंद पडू शकते. काल लगेच आणलं असतं तर ओकवून बाहेर काढता आलं असतं. आता सलाइन लावून ठेवायचं आणि लघवी होते का याची वाट बघायची. झाली तर आशा आहे.

"माणसं खात्यात की," आक्का म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. त्या बाईचा इतका बारीक आवाज मी कधीच ऐकला नव्हता.

"माणसांना चालतं, आक्का. त्यांना नाही. तुम्हाला कसं माहीत असणार? मीच सांगायला हवं होतं."

डॉक्टर चांगलीच मुलगी होती. पण आक्कांनी ते ऐकलं असेल असं मला वाटत नाही. त्या आपल्या दोन हातांकडे बघत होत्या.

घरी येऊन त्यांनी फ्रिजचं बटण बंद केलं. गोठलेल्या वाट्या मोरीत ओतल्या आणि दार लावून घेतलं. चार वाजता कुत्री येऊन बसली. कुणी भुंकलं नाही. नव्या इमारतीतल्या बाईही आल्या, दाराकडे बघून ब्रूनोला घेऊन गेल्या. अंधार पडला तरी कुत्री उठली नाहीत. मी वरून बघत होतो आणि मला दार वाजवायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापू आले. पायरीवर बसले आणि बंद दाराशी बोलायला लागले. मी जिन्यात होतो. एवढं सलग बोललेले बापू मी त्याआधी ऐकले नव्हते.

"आक्का, शिव्या द्याय न्हाय आलो मी. दार उगड. त्यो कशाला तोंड लावत न्हाय. कालपास्नं मुतलाबी न्हाय. डाक्टरीण म्हणतीया, बर्फ चाटला तर चाटू दे, घसा तरी वला हुईल. मी दिला. तोंड फिरवतोय. ब्रूनोच्या बाईनं दिला. तोंड फिरवतोय. त्येला तुझ्या हातचं लागतंय."

आतून आवाज आला. "माझ्याच हातचं खाल्लं न्हवं त्येनं."

"व्हय."

"मग?"

"मग काय? मीबी तुझ्याच हातचं खाऊन एवडा झालो. मी न्हाय का 'अजून दे' म्हणालो परवा? मग दोष मला बी दे." बापूंनी दाराला डोकं टेकलं. म्हणाले, "त्येच्याशिवाय मला कोण हाय, आक्का?"

दार उघडलं. आक्का आल्या त्या थेट मोरीकडे गेल्या. वाट्या राखेने घासल्या, पाणी उकळलं, गाळलं, निववलं, फ्रिज पुन्हा चालू केला आणि त्यात लावलं. नुसतं पाणी. मग फ्रिजसमोर पाट टाकून बसून राहिल्या. मी एकदा खाली डोकावलो तर म्हणाल्या, "दार उगडून बघू नगासा, गारवा जातोय." बर्फ धरला तेव्हा त्यांनी एका वाटीतला तुकडा मोडून तोंडात टाकला, घोळवला, गिळला. मग चमचा माझ्यापुढे केला.

"चाखा."

"आक्का, पाणीच आहे."

"चाखा म्हणतो न्हवं."

मी चाखलं. पाणीच होतं. मी मान हलवली, तेव्हा कुठे त्यांनी वाट्या फडक्यात गुंडाळल्या.

दवाखान्यात सरदार एका पोत्यावर पडला होता, पुढच्या पायाला सुई. डोळे उघडे होते पण बघत नव्हते. आक्का जमिनीवर बसल्या. वाटी पुढे ठेवली. त्याने हुंगली आणि तोंड वळवलं. मग आक्कांनी बर्फ वाटीतून काढून तळहातावर घेतला आणि हात त्याच्या नाकाशी नेला. बर्फ वितळून त्यांच्या कोपरापर्यंत ओघळायला लागला. त्यांनी दुसरा हात सरदारच्या डोक्यावर ठेवला, अवघडत, आणि मागे मानेपर्यंत फिरवला. पुन्हा फिरवला. बऱ्याच वेळाने सरदारची जीभ बाहेर आली आणि तळहाताला लागली.

"हां," आक्का म्हणाल्या. "हळू. घाई न्हाय."

संध्याकाळपर्यंत त्या तशाच बसून होत्या. बर्फ संपला की बापू घरी जाऊन आणायचे. लघवी झाली नाही. डॉक्टर दर वेळी खाली वाकून बघायची आणि सलाइनचा थेंब कमीजास्त करायची. आक्का घरी गेल्याच नाहीत.

सकाळी माझं सामान टेंपोतून पुढे गेलं. खोल्यांची किल्ली द्यायची होती, म्हणून गावाबाहेर पडायच्या आधी मी गाडी दवाखान्याशी थांबवली. आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे खोल गेलेले, अंबाडा सुटलेला. सरदार आता त्यांच्या मांडीवर होता. बापू कोपऱ्यात उकिडवे. मी किल्ली पुढे केली. "येतो आक्का," म्हणालो. पुढे काही तरी चांगलं बोलायचं मी वाटेत ठरवलं होतं, ते आठवेना.

"व्हय, या," त्या म्हणाल्या, पण लक्ष माझ्याकडे नव्हतं. मी वाकून नमस्कार केला आणि बाहेर येऊन गाडीत बसलो.

सरदार त्यातून उठला आणि पुढेही दोन-तीन वर्षं जगला, हे मला बापूंनी नंतर फोनवर सांगितलं. डॉक्टरच्या मते सलाइनने काम केलं. बापूंच्या मते आक्कांनी. मी दोघांनाही हो म्हणालो. पण त्या सकाळी मी गाडीची चावी फिरवत होतो तेव्हा आम्हाला कुणालाच काही माहीत नव्हतं.

आतून आरोळी आली. बोळाच्या तोंडाशी जाणारी सायकल थांबावी तशी ती जुनी, भरदार आरोळी. दवाखान्याचं दार धाडकन उघडलं आणि आक्का पायरीवर आल्या. लुगडं कमरेपासून खाली भिजलेलं, पिवळं. त्या भिजल्या लुगड्याचा घोळ त्यांनी दोन्ही हातांत धरून वर उचलला होता, सगळ्या रस्त्याला दिसावा म्हणून.

"मुतला!" त्या ओरडल्या. "अगं बाई, मुतला! माझ्या अंगावर मुतला माझा पैलवान!"

दुधाच्या किटल्या लावलेला एक माणूस सायकलवरून चालला होता. त्याची आणि त्यांची ओळखही नसावी. तो दचकून थांबला. आक्कांनी लुगडं त्याच्याकडे धरलं, "बगा पावणं, मुतला!" म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. त्याला काहीच कळलं नाही. त्याने सायकल स्टँडवर लावली आणि त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिला.